हजेरी घड्याळाची खंडेनवमी

मित्रांनो, मी जुना आहे हे मला मान्य. मोडका आहे असं म्हणणाऱ्यानं मात्र पुढे यावं आणि माझा दांडा ओढून पाहावा.

मी हजेरीचं घड्याळ. ओकच्या लाकडाची पेटी, पोटात लंबक, वर पितळी तबकडी आणि खाली एक फट. कामगारानं फटीत आपलं कार्ड घालायचं आणि दांडा ओढायचा, की 'खट्ट' करून वेळेचा शिक्का उठतो आणि घंटी वाजते. कामावर येताना एकदा, सुटताना एकदा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात माझा जन्म झाला. सध्या मुक्काम सिंगापूर, बुकित बातोक, नववा मजला, निशिकांतच्या फ्लॅटमध्ये चपलांच्या कपाटाशेजारी. गेल्या खंडेनवमीला मी तिथंच सुतळीनं बांधलेला उभा होतो. दुसऱ्या सकाळी मला भंगारवाला नेणार होता. त्या संध्याकाळचीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी माझी नोकरी ऐका.

पहिली नोकरी एका कापड गिरणीत. पोलंड, इटली, आयर्लंड, कुठून कुठून आलेल्या बायका अंधारातच दाराशी रांग लावायच्या. त्यांच्यात बारा वर्षांच्या मुलीही असायच्या. वय विचारलं की टाचा उंचावून उभ्या राहायच्या. माणूस ओळखायला मला चेहरा लागत नाही, कार्ड पुरतं. नवा कामगार दहा मिनिटं आधी, जुना बरोबर ठोक्याला आणि मुकादमाचा मेव्हणा वीस मिनिटं उशिरा, शीळ घालत.

एक गोष्ट मात्र अजून सलते. दुपार उलटली की मुकादम किल्ली घेऊन यायचा आणि माझा काटा हळूच मागे सरकवायचा. रोज दहा मिनिटं, आणि बायका तीनशे. मी त्यांच्याशी खोटं बोललो, तेही घंटी वाजवून. एका विणकरणीनं ते पकडलं. चर्चचे ठोके ऐकून ती आपल्या कार्डावर माझ्या शिक्क्याशेजारी पेन्सिलीनं खरी वेळ लिहू लागली. महिनाभरानं ते कार्ड तिनं साऱ्या रांगेला दाखवलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर कोणी आलंच नाही. सात आठवडे संप चालला. बायका परतल्या त्या तास कमी करून घेऊन आणि मुकादमाची किल्ली काढून घेऊन. ते कार्ड कोणीतरी माझ्या पाठीच्या फळीत खोचलं. ते अजून तिथंच आहे.

पुढे मंदी आली आणि कार्डांचे खण ओस पडले. मग कायदा झाला: आठवड्याला चाळीस तास, वर काम केलं तर दीडपट पगार. साहेबलोक त्या कायद्यातून वगळलेले होते आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान! हे लक्षात ठेवा. महायुद्धात पुरुष गेले, बायका यंत्रं चालवू लागल्या. काळ्या कामगारांची कार्डं तेव्हा वेगळ्या खणात, खालच्या रांगेत असत. शिक्का मात्र मी सगळ्यांना एकाच शाईचा मारला. ते खण एक व्हायला पुढे कितीतरी वर्षं आणि पुष्कळ मोर्चे लागले. आता सगळं जुळून येतंय म्हणावं, तर मालकाला समुद्रापलीकडे स्वस्त हात सापडले. गावचा कारखाना गेला. मला मात्र यंत्रांच्या खोक्यांबरोबर जहाजात घातलं.

असा मी सिंगापूरला आलो. इथं मलय, चिनी, तमिळ मुली डोळे बारीक करून रेडिओचे सुटे भाग जोडायच्या. दमट हवेनं माझं लाकूड फुगलं, पण वेळ चुकली नाही. वीस वर्षांनी मालकाला आणखी स्वस्त हात सापडले. मालकाचे डोळे या बाबतीत फार तीक्ष्ण! मी गेलो कारुंग गुनीच्या ढकलगाडीवर. कारुंग गुनी म्हणजे हॉर्न वाजवत ब्लॉकखाली फिरणारा इथला भंगारवाला. त्याच्या गोदामात तीसेक वर्षं धूळ खाल्ली, मग निशिकांतनं मला 'अँटिक' म्हणून आणलं. वर्षभर पाहुण्यांनी कौतुक केलं. मग निशिकांतला त्याच भिंतीशी दुसऱ्या स्क्रीनचं टेबल हवं झालं.

निशिकांत पुण्याचा, एका अमेरिकन कंपनीत मॅनेजर. त्याला कामाला बसताना मी रोज पाहिलं, सुटताना एकदाही नाही. सिंगापूरचा दिवस मावळतो तेव्हा न्यूयॉर्कचा उजाडतो, आणि हा दोन्हीकडे हजर. गिरणीच्या मुकादमाला काटा सरकवायला किल्ली लागायची. हा गडी आपणहून सरकवतो.

तर खंडेनवमी. संध्याकाळी त्याच्या बायकोनं, नीतानं, पाटावर विळी, मिक्सर, मुलीचा कॅल्क्युलेटर आणि मधोमध लॅपटॉप मांडला. वर झेंडू. त्यांची मुलगी गार्गी शाळेत अमेरिकेतल्या गिरण्यांचा इतिहास शिकत होती. त्यासाठी तिनं आठवड्यापूर्वी माझी पाठ उघडून ते कार्ड वाचलं होतं, मला किल्लीही दिली होती.

"आई, याला का नाही हळदकुंकू? धिस वन ऑल्सो टूल, व्हॉट." गार्गीचं इंग्रजी इथलंच, वाक्याला 'व्हॉट' नाहीतर 'लाह'चं शेपूट लावणारं.

"अगं, ते उद्या जायचंय."

"सो? टुडे स्टिल हिअर, लाह."

नीता हसली. तिनं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि गार्गीनं दाखवलं तिथं, थेट फटीतल्या शिक्क्यावर लावलं.

तेवढ्यात फुलांखालून लॅपटॉप वाजला. निशिकांतचा हात झेंडूकडे गेला. "दोनच मिनिटं. न्यूयॉर्कचा कॉल आहे."

"पूजलेलं हत्यार आज उचलतात होय रे? मी विळी उचलली का? म्हणून तर खाली हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जेवायला जायचंय."

"विळीला बॉस नसतो, नीता."

"तुझ्या बाबांच्या लेथला होता ना? चिंचवडला एकदा हार चढला, की मॅनेजर आला तरी ते बटण दाबायचे नाहीत. तूच सांगत असतोस सगळ्यांना, छाती फुगवून."

"बाबा कामगार होते गं. कार्ड पंच करून साडेतीनला सुटायचे. आम्हाला सुटणं नसतं."

बोलला, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून थांबला. गार्गीनं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर 'बाबा' लिहिलं आणि त्याच्या हातात दिला.

"देन पंच लाह, बाबा."

लॅपटॉप पुन्हा वाजला. एका हातात पुठ्ठा, दुसरा झेंडूवर. मित्रांनो, मी लाखो हात पाहिलेत. इतका घाबरलेला क्वचित पाहिला. माझी शाईची फीत तीस वर्षांपूर्वीच वाळली होती, त्यात हा माझा शेवटचा दिवस. पण त्यानं पुठ्ठा सरकवला, दांडा ओढला आणि मी होती नव्हती ती सगळी ताकद लावली. खट्ट! घंटी अशी वाजली की शेजारच्यांनी दार उघडलं. पुठ्ठ्यावर कुंकवात उमटलं: सात बेचाळीस. पूजलेलं हत्यार चालवलं म्हणाल, तर सुटल्याचा शिक्का म्हणजे काम नव्हे.

तिघं जेवायला खाली गेली. फुलांखाली लॅपटॉप आणखी चारदा वाजला आणि गप्प झाला. सकाळी न्यूयॉर्कचा एवढाच निरोप होता: 'ओके, उद्या बोलू.' न्यूयॉर्क जागच्या जागी होतं.

दसऱ्याच्या सकाळी कारुंग गुनीचा हॉर्न वाजला. म्हटलं, आपलं सीमोल्लंघन आता भंगारात. म्हातारा दारात आला आणि त्यानं माझी सुतळी धरली.

"अंकल, सॉरी. नॉट गिव्हिंग," निशिकांत म्हणाला.

"धिस वन स्पॉइल ऑलरेडी."

"नो, नो. स्टिल वर्किंग." आणि त्यानं नव्या स्क्रीनचं रिकामं खोकं म्हाताऱ्याच्या हातात ठेवलं.

मित्रांनो, महिन्यातून एकदा पुसा, आठवड्याला किल्ली द्या. हे मी हक्कानं मागतो, केविलवाणं होऊन नाही. कामावर आल्याचा शिक्का कोणीही मारून देईल. सुटल्याचा शिक्का मागून घ्यावा लागतो. विणकरणीला त्यासाठी सात आठवडे लागले, निशिकांतला एक पुठ्ठा. तुमचं कार्ड घेऊन या. मी इथंच आहे, चपलांच्या कपाटाशेजारी, आणि माझा काटा आता कोणीही मागे सरकवत नाही.