पत्र्याच्या खोलीची जागा

मल्लम्माच्या लेकाचं, शिवलिंगचं, बारसं तिच्या माहेरी झालं, त्याच वर्षी भूकंप झाला. रडणाऱ्या तान्ह्याला घेऊन मल्लम्मा अंगणात बाजेवर निजली होती म्हणून वाचली. आत माळवदाखाली तिची आई गुरम्मा गेली. गळू नये म्हणून त्या माळवदावर दर साली मातीचा थर चढायचा; ती सगळी माती अंगावर आली.

भाऊ संगप्पा तेव्हा धर्माबादला मिरचीच्या आडतीवर होता. रेडिओवर त्यानं गावाचं नाव ऐकलं, पण कोण राहिलं, कोण गेलं, हे विचारायचं कुणाला? गावात पोस्टात एकच फोन, तो ढिगाऱ्याखाली. संगप्पा लातूरच्या दवाखान्यांतून आईला धुंडाळत फिरला. गावी पोचला तेव्हा मूठमाती होऊन गेली होती.

तेव्हापासून मल्लम्मानं डोक्यावर जड छत घेतलं नाही. पुढं लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. नवऱ्यानं, शंकरप्पानं, घर तिच्या नावावर केलं, वर मजले चढवले आणि खोल्या शिकायला आलेल्या पोरींना दिल्या. मल्लम्मा मागच्या अंगणात पत्र्याच्या खोलीतच राहिली. पत्रा पडला तर खोक पडेल, जीव जाणार नाही, हा तिचा हिशेब.

"माडीची मालकीण, अन् ऱ्हाती रानातल्या आखाड्यावरच्या सालगड्यावानी," शंकरप्पा म्हणायचा.

लेक अंबिका याच शिकवण्यांत डॉक्टर व्हायला बसली आणि झाली वकील. हैदराबादेत एका वकीलसाहेबांकडं ती नवीनच लागली होती. मोबाइल कंपनीला टॉवरसाठी जागा हवी असली की मालकाची संमती घ्यायची, करार लिहायचा, हे तिचं काम. दोन हजार पंचवीसच्या फेब्रुवारीत ती घरी आली आणि पिशवीही न ठेवता पत्र्याच्या खोलीत शिरली.

"अव्वा, कंपनीला आपली गच्ची पाहिजे."

मल्लम्मा शेंगा फोडत होती. हात थांबला. "टॉवरला? पोरींच्या डोक्यावर?"

"इंजिनिअर म्हणतात, इमारत पेलते."

"माळवदबी पेलतच हुतं की. न्हाई म्हणलं तर?"

अंबिकेनं पिशवी खाली ठेवली. तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती. साहेब म्हणाले होते, घरूनच नकार आला तर दुसऱ्याला कोणत्या तोंडानं विचारशील?

"न्हाई म्हणलीस तर कंपनी सरकारकडं जाऊ शकते. लोकांच्या गरजेचं आहे असं सरकारला पटलं तर परवानगी मिळते. पण आधी तुला विचारलंच पाहिजे. नवा कायदा आहे."

"तुझ्या आज्ज्याच्या रानात तारेचे खांब रोवले, तवा कुणी इचारलं? उभ्या जवारीत रोवून गेले."

"तो इंग्रजांचा कायदा. आधी खांब, मग भरपाई."

"सही करावीच लागती, असं म्हणली असतीस तर मी केली असती."

"हाव. अन् मग रातभर जागी राहिली असतीस."

दारातून शंकरप्पा म्हणाला, "पोरगी वकील झाली, अन् पहिला खटला आईसंगं."

दिवे लागायच्या वेळी पोरी गच्चीवर चढल्या. सगळ्या एकदम फोनला लागल्या की आवाज तुटायचा. देवणीची सदफ कठड्यावरून वाकून फोन बाहेर धरून ओरडत होती, "अम्मी, आवाज आरा क्या?" पलीकडून काही येत नव्हतं. मल्लम्मा खाली उभी राहून बघत राहिली. तिला संगप्पा आठवला, दवाखान्यांच्या दारोदार विचारत फिरणारा.

सकाळी ती म्हणाली, "गच्ची न्हाई. कुणाच्याच डोक्यावर न्हाई. जिमिनीवर उभा ऱ्हातो का त्यो?"

"राहतो. पण आपल्याकडं जागा कुठंय?"

मल्लम्मानं पत्र्याच्या खोलीकडं बोट केलं.

"अन् तू कुठं निजशील?"

"आत. तुझ्या बापाचं घोरणं ऐकत."

कंपनीच्या माणसांनी अंगण मापलं, ते चाललं. करारात गच्चीच्या जागी अंगण आलं. साहेबांनी तो वाचला, आणि पुढच्या महिन्यात अंबिकेची नोकरी पक्की झाली. पत्रे निघाले, तिथं टॉवर उभा राहिला. मल्लम्मानं बाज आत घेतली, दाराच्या अगदी जवळ. पहिले काही दिवस दार उघडं ठेवून निजायची. पावसाळा लागल्यावर लावून घेऊ लागली.

पुढं निरोप धाडायची वेळ आली तेव्हा संगप्पाला फोन पहिल्या झटक्यात लागला. म्हातारा मिळेल त्या गाडीनं आला आणि मूठमातीआधी त्यानं बहिणीचं तोंड पाहिलं. मल्लम्मा दोन हजार पंचवीसच्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, घरात झोपेतच वारली.