नव्याकोऱ्या हिरव्या कोटाचा घाम

मी एक जुना कोट आहे. मित्रांनो, हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल, पण ते उघडपणे बोलायला मिळावं म्हणून मी किती तळमळलो ते माझं मला ठाऊक. माझ्या आयुष्याचा पहिला सगळा काळ मला 'नवाकोरा' म्हणूनच काढावा लागला. दाढी आलेल्या माणसाला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवावं, तशी माझी गत होती.

माझा रंग बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा. बटणं मोठी, तपकिरी, चार भोकांची. आतलं अस्तर मधाच्या रंगाचं, आणि त्या अस्तरात एक छोटा चोरखिसा. मी जिथे शिवला गेलो तिथे एक लांबलचक खोली होती आणि शिलाई मशिनांच्या रांगा होत्या. एक बाई फक्त बाह्या जोडायची, एक फक्त काजं करायची, आणि कॉलर बसवणाऱ्या बाईला सगळ्या जणी कॉलरवाली म्हणायच्या.

"हा असला हिरवा कुणाला खुलणार गं?" काजं करणारीने विचारलं होतं.

"खुलो नाहीतर न खुलो. कॉलर सरळ बसली की माझं काम झालं," कॉलरवाली म्हणाली आणि तिने माझ्या मानेवरून तळहात फिरवला. तो हात खरखरीत होता, पण स्वच्छ होता. मित्रांनो, स्वच्छ हाताची आठवण मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे बराच काळ तसा हात माझ्या वाट्याला आला नाही.

शेवटी मानेपाशी प्लास्टिकच्या दोरीने एक पुठ्ठ्याचा टॅग अडकवला गेला. त्यावर माझं माप, किंमत आणि काळ्या रेघा होत्या. मला तो दागिना वाटला. कसला बावळट होतो मी!

पहिल्या बाईने मला घरी नेलं, तेव्हा माझा आनंद अस्तरात मावेना. पण तिने टॅग तोडलाच नाही. तो कॉलरच्या आत दुमडला, वर पिन टोचली आणि अंगावर अत्तराचा असा फवारा मारला की मला ठसकाच लागला असता. मग ती एका समारंभाला गेली, नाचली आणि घामाने निथळली. तो घाम अत्तरात मिसळून माझ्या काखेत जो काही आंबला, त्याचं वर्णन जेवणाआधी ऐकू नये. दुसऱ्या दिवशी तिने पिन काढली, टॅग सरळ केला, मला पाकिटात कोंबलं आणि दुकानाला कळवलं, 'अंगाला नीट बसला नाही.'

अंगाला बसला नाही? अगं बये, तुझं अख्खं अंग माझ्यात मुरलं होतं!

परत आलेल्या मालाची एक वेगळी खोली असते. तुम्हाला वाटेल तिथे कुणी आम्हाला धूत असेल. छे! तिथे लांब टेबलामागे बायका बसतात आणि आम्हाला हुंगतात. होय, खरंच हुंगतात. माझ्या वाट्याला आलेल्या बाईचं नाव नाकवाली पडलं होतं. तिने माझ्या काखेत नाक खुपसलं आणि चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा केला.

"लोकांच्या काखा हुंगून पोट भरतेय मी," ती शेजारणीला म्हणाली. "आई विचारते, काय काम करतेस? काय सांगू?"

"सांग, अत्तराच्या धंद्यात आहे," शेजारीण म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मग तिने माझ्यावर गरम वाफ सोडली, सुगंधी पाणी मारलं आणि धुण्याच्या सूचना लिहिलेल्या माझ्या आतल्या पट्टीवर शाईचा एक ठिपका दिला. तिथला नियमच तसा होता. दर परतीला एक ठिपका. तिसरा ठिपका पडला किंवा वास जाण्यासारखा नसला की कपडा विकायचा नाही, दातेरी यंत्रात घालून त्याच्या चिंध्या करायच्या आणि त्या गाद्यांत भरायच्या. माझ्यादेखत एका लाल झग्याला त्या यंत्राने गिळलं. आवाज आठवला तरी माझे टाके उसवायला लागतात.

दुसरी बाई सिगारेट ओढणारी होती. वर तळलेले मासे खाऊन बोटं कशाला पुसायची, तर माझ्या बाहीच्या आतल्या बाजूला! बाहेरून दिसू नये एवढी अक्कल तिला होती. तीही पिन लावून मिरवली आणि मला परत पाठवून मोकळी झाली. त्या दिवशी नाकवालीला सडकून सर्दी झाली होती. तिने मला हुंगलं, काहीच कळलं नाही, शिंकली, तीही माझ्यावरच, आणि 'चालेल' म्हणाली. दुसरा ठिपका पडला. अशा रीतीने एका सर्दीवर माझा जीव वाचला, आणि मासे, धूर, अत्तर, घाम, शिंक सगळं पोटात घेऊन मी पुन्हा 'नवाकोरा' झालो.

मग मी छकुलीकडे आलो.

छकुली म्हणजे लहान मूल नव्हे. चांगली चोवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, पण घरात सगळ्यांची छकुलीच. तिने पाकीट उघडलं आणि मला छातीशी धरलं.

"आई, बघ तरी! किती महिने हा माझ्या यादीत होता!"

ती यादी तिच्या फोनमध्ये होती. आवडेल त्या वस्तूवर बोट दाबायचं की तिच्यापुढे लाल बदाम उमटायचा. आई भाजी चिरत होती आणि छकुली तिला आपली आवड समजावत होती. मी खुर्चीच्या पाठीवर बसून ऐकत होतो.

"हे बघ, झालरी मला नकोत. चमचम तर अजिबात नको. रंग कसे हवेत, तर मातीचे, झाडांचे, चहाचे. पिवळा घातला की मी आजारी दिसते. पॅन्ट ढगळ हवी आणि बाही मनगटाच्या हाडापर्यंतच, म्हणजे हात सुंदर दिसतो. एका वेळी अंगावर एकच नक्षी. दोन झाल्या की माणूस पडद्यासारखं दिसतं."

"मग मी पडदा आहे का?" आईने आपल्या फुलाफुलांच्या ॲप्रनकडे बघत विचारलं.

"तू गोड पडदा आहेस. आता यादी ऐक. गुडघ्यापर्यंतचे तपकिरी बूट. जांभळटसर कॉर्डुरॉयचा स्कर्ट. खरी कडक कॉलर असलेला पांढरा शर्ट. एक मऊ चामड्याची पिशवी, ती मात्र जुनी दिसणारी हवी."

"जुनी दिसणारी नवी पिशवी. बरं."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला ती पोरगी आवडली. तिची नजर पक्की होती. माझ्या बटणांची चार भोकं तिने बोटाने मोजली, असं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. आता टॅग तुटणार, आता मी हिचा होणार, असं वाटत होतं, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "रविवारी आजोबांच्या वाढदिवसाला घालते, फोटो काढते आणि सोमवारी परत! त्या पैशांत बूट. बुटांचे फोटो झाले की ते परत, मग स्कर्ट."

"म्हणजे कपाटात काहीच राहणार नाही?" आईने सुरी खाली ठेवली.

"फोटोत राहील ना!"

शी! मला तिचा उबग आला. ज्या हातांनी मला कवटाळलं, तेच हात मला तिसऱ्या ठिपक्याकडे ढकलणार होते. तिला त्या यंत्राची कल्पना नव्हती. मला मात्र होती, आणि मला तोंड नव्हतं.

रविवारी दुपारी एका हॉटेलच्या लांबट खोलीत सगळं कुटुंब जमलं. छकुलीने टॅग कॉलरमध्ये दडवला होता, पण पिन लावली नव्हती. कापडाला भोक पडेल म्हणून! माझी एवढी काळजी. फोटो झाले. हिरवा रंग तिला खरोखर खुलत होता, हे आजोबांनी दोनदा सांगितलं. आणि मग मागून तिची आत्या आली.

आत्या म्हणजे भल्या मनाची आणि बळकट दातांची बाई.

"अगं छकू, मानेवर किंमत लोंबतेय! लोक काय म्हणतील? थांब, हलू नकोस."

"आत्या, नको! राहू दे तो—"

"राहू काय दे? वेंधळी ती वेंधळीच!" असं म्हणत आत्याने तोंड माझ्या कॉलरला लावलं आणि दातांनी ती दोरी कचकन तोडली. तिचे ओठ लालभडक रंगवलेले होते. माझ्या मानेवर लाल ओठ उमटले, वर थुंकीचा ओला गोल. आत्याने टॅग उष्ट्या ताटात टाकला, ते ताट हॉटेलच्या पोराच्या हातातल्या ताटांवर चढवलं आणि समाधानाने म्हणाली, "झालं! आता कशी माणसात आलीस."

छकुलीचा चेहरा पांढराफटक पडला. टॅगशिवाय दुकान कपडा परत घेत नाही. म्हणजे बूट गेले, स्कर्ट गेला, सगळी लाल बदामांची रांग गेली. ती ताटांमागे धावली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात मोठा डबा होता, त्यात ताटं रिकामी झाली होती. तिने बाह्या वर केल्या, माझ्या बाह्या, आणि हात आत घातला. गार रस्सा, चावलेली हाडं, कुस्करलेला केक, ओले कागदी रुमाल. माझी कड त्या लगद्यात बुडाली. किती खाली शोधत गेली ती! आजवर मी लोकांचे घाम सोसले, पण पन्नास माणसांचं उष्टं अंगावर घेण्याची ती पहिलीच वेळ. शेवटी तिने टॅग वर काढला. तो तुपकट झाला होता आणि त्याला सालीचा तुकडा चिकटला होता. तिने तो चक्क फ्रॉकच्या टोकाला पुसून पर्समध्ये ठेवला, जणू अंगठी सापडली.

सोमवारी सकाळी ती हातात ओला फडका घेऊन माझ्यापुढे बसली. ओठांचा डाग घासून गुलाबी केला. रश्श्याचा डाग टिपला. टॅग नव्या दोऱ्याने शिवला. मला पाकिटात घालताना तिने माझा चोरखिसा दाबून पाहिला. आत काहीतरी होतं. तिने दोन बोटं घातली आणि एक कागदी रुमाल बाहेर आला. चुरगळलेला, वापरलेला, वाळून कडक झालेला. तो पहिलीचा की दुसरीचा, हे मलाही सांगता येणार नाही.

"ईईई! आई! हे माझं नाहीये!"

तिने रुमाल फेकला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने माझी काख नाकाशी नेली. अख्खी दुपार अंगावर वागवताना जे कळलं नव्हतं, ते तिला आता कळलं. तिने मला झटकन दूर धरलं.

"आई, हा कोट कुणीतरी घातलेला आहे! घाणेरडी माणसं! घालून घालून परत पाठवतात आणि आपल्याला नवा म्हणून देतात. किळस कशी येत नाही यांना?"

आई दारात उभी होती. तिने पाकिटाकडे पाहिलं, शिवलेल्या टॅगकडे पाहिलं, आणि लेकीकडे पाहिलं. "कुणाला म्हणतेस, छकू?"

छकुलीने मला पाकिटात सारलं आणि त्याचं तोंड चिकटवलं.

"आता हा जिच्या घरी जाईल," आई म्हणाली, "तीही अशीच छातीशी धरेल. मग तिला आत्याची थुंकी कुणाची म्हणून सांगायची?"

दारावरची घंटा वाजली. पाकीट न्यायला माणूस आला होता. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या कानांत, म्हणजे काजांत म्हणा, त्या दातेरी यंत्राची घरघर सुरू झाली. छकुली पाकीट घेऊन दारापर्यंत गेली. फोनमध्ये पहिल्या नंबरावर ते बूट होते, एकच जोडी उरली होती, हे मी रात्रभर ऐकत होतो. तिने पाकीट पुढे केलं. त्या माणसाने हात लावला. आणि तिने ते परत ओढलं.

"नाही जायचंय ते. तुम्हाला उगाच जिना चढायला लागला, सॉरी हं."

"आधी सांगायचं ना, ताई," तो माणूस म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्या सकाळी तिने टॅगचा दोरा कापला, कोमट पाण्याची बादली भरली, साबण विरघळवला आणि कामावर उशीर होत असतानाही मला त्यात हलकेच सोडलं. आईने तान्ह्याला पायावर घेऊन न्हाऊ घालावं, तसं काख, कॉलर, बाहीची आतली बाजू, एकेक घडी उलगडून तिने धुतलं. पाणी चहासारखं झालं, मग डबक्यासारखं. एवढं सगळं मी अंगावर बाळगत होतो आणि लोक मला नवा म्हणत होते! तीन पाणी बदलल्यावर चौथं स्वच्छ राहिलं. धुतल्याने माझा रंग किंचित उतरला आणि अस्तर थोडं आक्रसलं. आता जगातलं कोणतंही दुकान मला परत घेणार नाही.

छकुली सुधारली वगैरे म्हणायची घाई मी करणार नाही. यादी अजून आहे, बदाम अजून उमटतात. आत्यावर ती अजून फुरंगटलेली आहे, आणि ते बूट दुसऱ्याच कुणीतरी नेले म्हणून दोन दिवस ती जेवताना कुरकुरत होती. पण मला ती रोज घालते. मला आता एकाच माणसाचा वास येतो, आणि तो वाईट नसतो, कारण तो धुतला जातो.

मित्रांनो, कपडा आवडला तर जरूर घ्या, हौस करा, मिरवा. पण जो अंगावर घालाल तो आपला म्हणा. त्याला धुवा, टाका घाला, झिजू द्या. आम्हाला जुनं व्हायची लाज वाटत नाही. आम्हाला किळस येते ती उष्ट्या नवेपणाची.

परवा दुकानात छकुलीच्या हातून कपभर चहा माझ्या बाहीवर सांडला. शेजारची मुलगी ओरडली, "अगं, कोट!" छकुलीने नळाखाली बाही धरली, पिळली आणि म्हणाली, "असू दे गं, घरचाच आहे."