दोर धरणारा

"ही सायकल तुला मोठी होणार," मावशी म्हणाली. जिन्याखाली उकिडवी बसून ती बाबांच्या सायकलच्या मागच्या चाकात हवा भरत होती. "सीट खाली घेते थोडी."

"नको, राहू दे."

"पाय टेकायचे नाहीत गं तुझे."

"टेकतील."

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं, पान्हा पिशवीत टाकला आणि पंप माझ्या हातात दिला. "घे, भर मग तूच. हट्टात अगदी खुंट्यावर गेलीयस."

खुंट्या म्हणजे माझे बाबा. हॉस्पिटलात प्लास्टर घालायच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. मोडलेले हात-पाय ओल्या पट्ट्यांत गुंडाळायचे, पट्ट्या घट्ट होईपर्यंत धरून बसायचं, आणि हाड जुळलं की करवतीने कापून माणसाला मोकळं करायचं. उन्हाळा लागला की सुट्टीच्या दिवशी ते, मावशी आणि बेकर काका असे तिघं जाड टायरच्या सायकली घेऊन जंगलातल्या पायवाटेने कड्यापर्यंत जात. मावशी काही माझी सख्खी मावशी नव्हे. ती टपाल वाटायची, आमच्या गल्लीतलंसुद्धा. काकांची कोपऱ्यावर बेकरी. कडा चढायचे ते हे दोघं. बाबा चढत नसत, खाली उभे राहून दोर धरत. अंगाने भरलेले, एकदा पाय रोवले की हलायचे नाहीत, म्हणून त्यांचं नाव खुंटी पडलं आणि दोस्तांच्या तोंडी त्याचं खुंट्या झालं. "तुम्ही लोंबकळा मजेत," ते म्हणायचे, "मी आहेच खाली पोट घेऊन."

त्यांच्या नखांत कायम पांढरं असायचं. आठवडाभर प्लास्टरचं, आणि सुट्टीच्या दिवशी चढणाऱ्यांनी पकड सुटू नये म्हणून हातांना चोळलेली खडूची भुकटी दोरावरून उतरून त्यांच्या हातांवर आलेली. आई त्यांना भरल्या ताटावरून उठवायची. "नखं घासून या आधी." ते निमूटपणे उठायचे, आणि घासूनही ते पांढरं तसंच राहायचं.

थंडीत ते गेले. त्यांच्याच हॉस्पिटलात, प्लास्टरच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर.

उन्हाळा आला तेव्हा दोर धरायला कुणी नव्हतं. मावशी मागे एकदा सायकलवरून पडली होती. मनगटाला बाबांनीच प्लास्टर घातलं, काकांनी त्यावर पेनने पाव काढला, पण त्या हाताची पकड काही परत आली नाही. मग एका सकाळी काका खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, हे तुमच्याकडे राहू दे. परक्या माणसाच्या हातात जीव द्यायचं माझं वय नाही आता. पुरे झालं."

आईने दोर घेतला नाही. मग मान माझ्याकडे वळवून म्हणाली, "तुला येतं ना गं धरायला?"

मला येत होतं. बाबांनी लहानपणी शिकवलं होतं, आमच्या जिन्यात. वरच्या कठड्यावरून दोर टाकायचे. एका टोकाला प्लास्टरच्या भुकटीचं पोतं, दुसरं टोक माझ्या कमरपट्ट्यातल्या कडीतून आलेलं. पोतं वरून सोडायचं आणि मी ते धरायचं. "खालचा हात दोरावरून सुटायचा नाही. नाकाला खाज आली तरी नाही." पोतं सोडण्याआधी ते विचारायचे, "आहेस?" मी म्हणायची, "आहे." हे उत्तर आल्याशिवाय चढणाऱ्याने जमिनीवरून पाय उचलायचा नाही, असा तिघांचा नियम होता. हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवसांतही बाबा मिटल्या डोळ्यांनी "आहेस?" एवढंच विचारायचे. मी "आहे" म्हटलं की त्यांना पुन्हा झोप लागायची.

पण पोतं वेगळं आणि माणूस वेगळा. आईला मी हो म्हटलं खरं. तेव्हापासून माझ्या तळहातांना सारखा घाम येत होता.

जंगलात शिरेपर्यंत बरं चाललं होतं. पुढे वाट मुळांवरून आणि गोट्यांवरून उतरायला लागली तशी प्रत्येक खड्ड्यात सायकल मला वर फेकू लागली. एका वळणावर ब्रेक दाबून पाय टेकायला गेले तर खाली जमीनच नाही. सायकलसकट झुडपात गेले.

काका पुढून ओरडले, "काय झालं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "टपाल चुकीच्या पत्त्यावर गेलं."

मी कपडे झटकत उठले. कोपर खरचटलं होतं. "मावशी, पान्हा दे."

सीट मीच खाली घेतली. दांड्याचा जो भाग इतकी वर्षं वर होता तो काळवंडलेला होता. तो सगळा आत गेला. मावशी तेवढा वेळ दुसरीकडे झाडं बघत होती.

कडा फार उंच नाही. मावशी मागच्या पायवाटेने माथ्यावर गेली, तिथल्या लोखंडी कडीतून दोर ओवून दोन्ही टोकं खाली सोडली आणि उतरून आली. एक टोक काकांच्या कमरेला, दुसरं माझ्या कडीत. कड्याच्या पायथ्याशी एका जागी माती दबून गुळगुळीत झाली होती. मी तिथेच उभी राहिले.

"वजन किती गं तुझं?" काकांनी विचारलं.

"बाईमाणसाला वजन विचारतात का?" मावशी म्हणाली. "तुझ्या निम्मी आहे ती. तू पडलास की ही वर आणि तू खाली, विहिरीतल्या बादलीसारखे." तिने माझ्या पट्ट्यात मागून एक जाड पट्टा अडकवला आणि मागच्या झाडाला पक्का बांधला. "खुंट्याला झाड लागायचं नाही. तोच झाड होता."

काकांनी माझी गाठ तपासली, मी त्यांची. त्यांनी कमरेच्या पिशवीत हात घालून खडूची भुकटी तळहातांना चोळली, कड्याकडे तोंड केलं, दोन्ही हात खडकावर ठेवले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं,

"खुंट्या, आहेस?"

मावशीचा हात माझ्या पाठीवर होता, तो तिथेच थांबला. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचं कपाळ हळूहळू खडकाला टेकलं. पाठीवरचा सदरा वर-खाली होत होता.

"उतरूया," थोड्या वेळाने ते म्हणाले. खरं तर ते अजून चढलेच नव्हते. "घरी जाऊ. कशाला उगाच."

मी दोर ओढून घेतला, सैल भाग राहू दिला नाही. खालचा हात कमरेशी घट्ट.

"आहे," मी म्हटलं. "चढा."

ते हलले नाहीत.

"परत म्हण."

"आहे, काका. चढा तुम्ही."

आणि ते चढू लागले. वयाच्या मानाने हलके चढत होते, एकेक बोट कणकेत रुतवावं तसं खाचेत घालत. मी दोर ओढून घेत गेले. त्यांच्या हातांची पांढरी भुकटी दोरावरून माझ्या बोटांवर उतरत गेली. माथा हाताच्या अंतरावर आला आणि त्यांचा डावा पाय सटकला.

दोर खाडकन ताणला गेला. माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या, मागचा पट्टा झाडाला करकचला, आणि मी चवड्यांवर उभी, तोंड वर केलेलं. खालचा हात जागेवर होता. मनात काही आलं नाही. फक्त हात होता.

वर काका संथपणे गोल फिरत लोंबकळत होते.

"काय गं," शेवटी वरून आवाज आला, "जेवत नाहीस का घरी? खुंट्या असता तर मी वीतभरसुद्धा खाली आलो नसतो."

"तुम्हीच पाव कमी खा!"

मावशी हसायला लागली. हसता हसता तिने तोंड माझ्या खांद्यावर दाबून धरलं. ते हसणंच होतं की दुसरं काही, ते बघायला मला मान वळवता येत नव्हती. माझे डोळे दोरावर होते.

काका पुन्हा खडकाला चिकटले, माथ्यावर गेले, कडीला हात लावला. मी त्यांना सावकाश खाली घेतलं. जमिनीवर आल्यावर त्यांना स्वतःची गाठ सुटेना. वजनाने ती आवळली होती. मी सोडवून दिली.

"पुढच्या सुट्टीला?" त्यांनी गाठीकडे बघतच विचारलं.

"सीट खाली घेतलीय ना आता," मी म्हटलं.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आईने कोपराला औषध लावलं आणि ताट वाढलं. मी बसले आणि पावाकडे हात नेला.

"नखं घासून ये आधी," आई म्हणाली.

म्हणाली आणि थांबली. पळी तिच्या हातात तशीच राहिली. मी माझ्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडांना, सुरकुत्यांत, पांढरं.

मी उठले. मोरीपाशी बाबांचा नखं घासायचा ब्रश होता. केस कोरडे, ताठ झालेले. नळ सोडून मी तो पाण्याखाली धरला आणि ते मऊ होईपर्यंत धरून ठेवला.