आडवं सरकायचं राहिलं

मागून येणे

हॅरियर हे लढाऊ विमान जहाजावर उतरतं ते चार टप्प्यांत. मागून यायचं. जहाजाच्या डाव्या अंगाला येऊन हवेत उभं राहायचं, जहाजाच्याच वेगाने. मग आडवं सरकून डेकच्या वर यायचं. मग खाली टेकायचं. बाकीची विमानं आधी टेकतात आणि मग थांबायची धडपड करतात. आमचं आधी थांबतं. याची आम्हाला फार मिजास होती.

मेरिन ट्रेगेन्झाने हे सगळं किनाऱ्यावर कितीतरी वेळा केलं होतं, धावपट्टीवर आखलेल्या डेकच्या चौकटीत. खऱ्या जहाजावर एकदाही नाही. तिची पाळी यायच्या आत लंडनहून सरकारचा निर्णय आला. हॅरियर बंद. आमचं जहाजही भंगारात. तरी ठरलेला शेवटचा दौरा होऊ द्यायचा होता, आणि त्यात मेरिनला एक दुपार मिळाली. एकच. ती उतरली की जहाजावर विमान उतरवलेली वैमानिक ठरणार होती. नाही उतरली तर नाही, आणि पुढे कधी ठरायची सोयही उरणार नव्हती.

डेकचा मुकादम चीफ हॉकाडे. डेव्हनचा माणूस, ती शेजारच्या कॉर्नवॉल परगण्याची. त्यांचं भांडण स्कोनवरून, म्हणजे चहासोबतच्या गोडसर पावावरून. चीफ म्हणायचा, आधी घट्ट साय लावायची, वर जॅम. तिच्याकडे उलटं. महिनाभर आधी धावपट्टीवर तो तिला म्हणाला होता, "मॅडम, तुम्ही माझ्या डेकवर उतरून दाखवा. सगळ्या पोरांसमोर तुमच्या पद्धतीने खाईन. जॅम आधी. माझी आई थडग्यातून उठून येईल, पण खाईन."

आमच्या स्क्वाड्रनची एक रीत होती. नव्या वैमानिकाचं पुढचं चाक पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे डेकवाले खडूने त्याचं नाव आणि तारीख लिहीत, आणि वैमानिकाने त्यांना बिअर पाजायची. पुढच्या पावसात नाव जायचं. कुणाला त्याचं काही वाटत नसे, कारण मागून दुसरं नाव येणारच असे.

बाजूला थांबणे

उतरणाऱ्या वैमानिकाशी बोलायला दुसरा वैमानिकच बसवतात. त्या दुपारी कंट्रोलच्या काचेमागे मी होतो.

मेरिनच्या आधीचं विमान नीट उतरलं. जागेवरून पुढे सरकताना त्याचं नाकाचं चाक अडकलं. विमान तिरकं उभं राहिलं, शेपूट उतरायच्या जागेवर. डेकचा दिवा लाल. हॉकाडेची माणसं ट्रॅक्टर घेऊन धावली.

मेरिन तोवर मागून आली होती आणि बाजूला उभी राहिली होती. अगदी स्थिर. कुणी भिंतीवर चित्र टांगावं तशी. तिचं हेल्मेट मला दिसत होतं, मान माझ्याकडे वळलेली. डेकवर कानठळ्या बसवणारा आवाज, आणि रेडिओवर तिचा आवाज मात्र दुकानात रांगेत उभं असल्यासारखा. "मी थांबते," ती म्हणाली.

पण हॅरियरला हवेत उभं राहणं परवडत नाही. पंखांचा उपयोग शून्य, सगळा भार इंजिनावर, आणि इंजिन इंधन ढोसत असतं. किनाऱ्यापर्यंत पोचण्याइतकं इंधन राखायचं हा नियम. तेवढ्या इंधनाच्या रेषेला काटा आला की तिला परत पाठवायचं, हे माझं काम.

हॉकाडेने खालून हाताने खूण केली. जरा थांबा. मी तिला सांगितलं, जरा थांब. त्याने पुन्हा खूण केली. काटा रेषेवर आल्याचं तिने कळवलं.

मी म्हणालो, "मेरिन, किनारा. परत जा."

एक श्वास ऐकू आला. मग विमानाने नाक वळवलं.

आडवे सरकणे

(हा टप्पा झाला नाही.)

खाली टेकणे

तिने किनाऱ्यावर उतरून इंधन भरून घेतलं आणि विमानातच बसून राहिली. तिकडच्या मेकॅनिकने नंतर सांगितलं, दोनदा चहा नेला, दोन्ही वेळा तिने फक्त कप हातात धरला. समुद्रावर धुकं उतरलं होतं. परवानगी आली नाही. दुसऱ्या दिवशीही धुकं. तिसऱ्या दिवशी धुकं हटलं, पण उतरण्याची मुदत संपली होती. डेकवरची विमानं टोकाच्या चढावरून शेवटची उडून गेली, आणि डेक फुटबॉलच्या मैदानासारखं मोकळं दिसायला लागलं.

त्याच दुपारी निरोपाचं जेवण होतं. मेरिन हेलिकॉप्टरने आली. इतर प्रवाशांसारखी, कानांवर आवाज अडवणारी झाकणं, पोटावर पट्टा. उतरल्यावर म्हणाली, "यात मला मळमळतं." मग हात खिशात घालून उतरायच्या जागेकडे चालत गेली. मी आणि हॉकाडे मागोमाग.

तिथे ताडपत्री अंथरलेली होती. कडेला जाड साखळ्या ठेवून दाबलेली.

"हे काय, चीफ?"

"तेल सांडलंय, मॅडम."

तिने वाकून एक साखळी बाजूला केली आणि ताडपत्री उचलली. खाली तिचं नाव होतं. खडूने नाही, पांढऱ्या रंगाने, सुबक. त्याखाली त्या दुपारची तारीख.

हॉकाडेची मान खाली गेली. त्याने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. तिच्यानंतर कुणी येणार नव्हतं. शेवटचं नाव पावसात जाऊ नये म्हणून यंदा रंग घ्यायचा, असं त्याने ठरवलं. रंग वाळायला वेळ लागतो म्हणून सकाळीच लिहिलं. आधी लिहायचं नसतं हे त्याला माहीत होतं. नंतर काढून बघितलं, निघेना. "डेकचा रंग आहे," तो म्हणाला. "विमानांना पुरून उरतो."

मग मेरिनने पत्र्याची खरवडणी मागितली. हॉकाडे म्हणाला, मी करतो. ती म्हणाली, नको.

गुडघे टेकून ती तारीख खरवडू लागली. डेकचा पृष्ठभाग खरखरीत, रंग कणाकणाने निघत होता.

"हिरवा दिवा कधी लागला?" तिने मान वर न करता विचारलं.

मी म्हणालो, "तू वळलीस तेव्हा."

"वळल्यावर, की वळताना?"

खोटं बोलता आलं असतं. "वळताना."

"म्हणजे उतरायची चाकं अजून खालीच होती माझी."

"होती."

मी नियम पाळला होता, आणि आजही तसंच सांगेन. इंधन संपवून समुद्रात पडलेली मेरिन मला नको होती. पण परतण्याचा हुकूम जरा उशिरा तोंडातून निघाला असता तर, हे माझ्या मनातून गेलेलं नाही. तिच्याही गेलं नसावं. नवी जहाजं आली, नवी विमानं आली. ती हवेत आपलीआपण उभी राहतात म्हणे, बटण दाबलं की झालं. तोवर मेरिनने नौदल सोडलं होतं.

त्या दुपारी तारीख गेली तशी ती उठली. हॉकाडेने नावाकडे बोट दाखवलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "बाजूपर्यंत तर मी आले होते."

जेवणानंतर हॉकाडे बशी घेऊन आला. स्कोन, त्यावर आधी जॅम. डेकची सगळी पोरं भिंतीला टेकून उभी.

"पैज तुम्ही हरलेला नाहीत, चीफ," मेरिन म्हणाली. "साय आधी लावा."

हॉकाडेने ऐकलं नाही. जॅमवर साय थापली आणि उभ्या उभ्या सगळा स्कोन खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत. एरवी त्याची टर उडवायला टपलेली पोरं गप्प बसली. मेरिनने खिशातून रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तोंड पुसलं.

जहाज पुढे परक्या किनाऱ्यावर ओढत नेऊन कापलं. डेकच्या पत्र्यांचं काय करतात, मी विचारलं नाही.