रडणारी भिंत आणि धुराड्यामागचा डबा

भर उन्हाळ्यात भिंत रडत होती. दोन महिन्यांत पावसाचा टिपूस नाही, आणि बाबांच्या दिवाणखान्यात धुराड्याच्या भिंतीवरून पाणी टपटप खालच्या वाटीत पडत होतं. भक्तांची रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती.

"भिंतीला पाझर फुटतो," बाबा डोलत म्हणाले, "मग तुमच्या काळजाला का फुटू नये? दोन थेंब डोळ्यांत घाला, चष्मा कचऱ्यात टाका."

स्वतः बाबांच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता. ते कुणालाच खटकलं नाही.

मागे छप्परवाला दातओठ खात उभा होता. पहिल्याच ओळीत त्याची थोरली बहीण बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळून तिने महिनाभर हे पाणी उजव्या डोळ्यात घातलं होतं. डोळ्यात पू झाला आणि डोळा कायमचा गेला. आता डाव्याचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं, तर ताई म्हणे, "माझीच श्रद्धा कमी पडली. डाव्यात मनापासून घालते."

"ताई, अगं, घाण आहे ते पाणी."

"तू आपली कौलं बघ. डोळ्यांतलं तुला काय कळतं?"

कौलांतलं मात्र त्याला कळत होतं. चार वर्षांपूर्वी हे छप्पर त्यानेच शाकारलं होतं. कौलं धुराड्याला भिडतात त्या फटीतून पाणी शिरू नये म्हणून पत्र्याच्या पट्ट्या लावतात. त्याने त्या विटांत बोटभर खाच पाडून रोवल्या होत्या. आधी त्याला वाटलं, आपलंच काम फुटलं. शरमेने जेवण गोड लागेना. मग ट्यूब पेटली. पट्टी फुटली तर पावसात गळेल, उन्हात पाणी आणणार कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवून आडवे झाले, तसा तो मागच्या शिडीने वर चढला. पट्ट्या उपसून परत बसवल्या होत्या, त्याही उलट्या. वरच्या पट्टीची कड खालचीवर यायला हवी. इथे खालची वरचीच्या डोक्यावर. हे छपराचं काम करणाऱ्याचे हात नव्हेत. धुराड्याआड रंगाचा जुना डबा पाण्याने भरलेला. त्यात चिंधीचं एक टोक, दुसरं पट्टीखालून फटीत. चिंधी पाणी ओढत होती, भिंत रडत होती. पाण्यावर कबुतरांची शीट तरंगत होती.

हेच ताईच्या डोळ्यात गेलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. डबा लाथेने उडवणं सोपं होतं, पण त्याला बाबाचं नाक चारचौघांत कापायचं होतं. कौलांची रेघ आखायच्या दोरीला लावायची निळीची पुडी खिशात होती, ती त्याने डब्यात रिकामी केली.

संध्याकाळी भिंतीवरून निळं पाणी ओघळलं. बाबा क्षणभर चपापले, पण गडी बेरकी.

"निळे अश्रू," ते हात पसरून म्हणाले. "हजार वर्षांत एकदाच येतात."

गर्दी लोटांगणं घालायला लागली. ताईने वाटीकडे हात नेला, तोच छप्परवाल्याने वाटी उचलली आणि बाबांपुढे धरली.

"पहिला मान तुमचा. चष्मा काढा, घाला दोन थेंब."

"मला गरज नाही."

"डोळे मिटून चालायचं नाही, बाबा. सगळे बघताहेत."

त्याने वाटी चष्म्याजवळ नेली. बाबा एवढे मागे सरकले की पाठ भिंतीला लागली आणि पांढरा अंगरखा निळा झाला.

"शीट आहे त्यात," ते ओरडले.

छप्परवाला वर गेला, डबा आणि चिंधी घेऊन आला आणि ताईच्या मांडीवर ठेवली. तिने डाव्या डोळ्याने डब्यात पाहिलं, वास घेतला.

"हे तुम्हाला ठाऊक होतं," ती बाबांना म्हणाली, "तरी माझ्या डोळ्यात घालू दिलंत."

बाबा दाराकडे वळले, पण रांग तिथे भिंतीसारखी उभी होती. पोलीस येईपर्यंत कुणी हललं नाही.

बाबा तुरुंगात गेला, ताईचा डावा डोळा वाचला. पट्ट्या पुन्हा खाचेत रोवून छप्परवाला खाली उतरला, तेव्हा लोक म्हणाले, "आम्हाला कसं कळणार होतं?"

"शिडी इथेच होती," तो म्हणाला. "भिंत रडली तर वर चढून बघायचं, डोळा दुखला तर डॉक्टरकडे जायचं. तुमच्यातला एक जण जरी चढला असता, तर माझ्या ताईला आज दोन्ही डोळ्यांनी दिसलं असतं."