बधिर बोटं

शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या पायांवर लाल-जांभळे ठिपके उठले, तेव्हा त्यांनी काणाडोळाच केला. मग तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, हातांची बोटं बधिर झाली. मलमं लावून झाली, गुण येईना. एके दिवशी मशीनची सुई बोटात घुसली आणि काकूंना ते कळलं कापडावर रक्त पसरल्यावर. लेकीने तिथल्या तिथे दुकान बंद केलं आणि त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं.

तपासण्यांत हेपटायटिस सी निघाला, रक्तातून पसरणारा लिव्हरचा आजार.

"पण लिव्हर तर ठणठणीत आहे म्हणालात ना?" काकूंनी विचारलं.

"लिव्हर वाचलंय, पण या विषाणूमुळे रक्तवाहिन्या सुजल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यानेच ठिपके, त्यानेच नसा दुखावल्या. किडनीलाही झळ बसलीय. पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?"

लेक शेजारीच बसली होती. तिच्याच जन्माच्या वेळी काकू मरता मरता वाचल्या होत्या, दोन बाटल्या रक्त लागलं होतं.

"छे, कधीच नाही," काकू म्हणाल्या.

लेक औषधं आणायला गेली, तेव्हा मात्र त्यांनी हळूच खरं ते सांगून टाकलं. "तिला कळू देऊ नका. जिवाला लावून घेईल."

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद पुढे ओढला. "तिलाही तपासावं लागेल हो. सांगावं लागेलच."

घरी आल्यावर काकूंनी सांगितलं. लेक म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे."

"वेडी का गं तू? तू काय रक्त मागायला आली होतीस?"

लेक हसली नाही. तिच्या रक्तात काही निघालं नाही, तेव्हा काकू ढसाढसा रडल्या. लेकीचे डोळे कोरडेच होते.

गोळ्या लागू पडल्या. सूज उतरायला शिरेतून औषध दिलं. तीन-चार महिन्यांत विषाणू गेला, ठिपके विरले, किडनी सावरली. बोटांची जाणीव तेवढी परत आली नाही. "मेलेल्या नसांपुढे आमचंही काही चालत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकूंनी मशीन विकून टाकलं.

आता लेक सुट्टीच्या दिवशी येते, कोमट तेल घेऊन आईची बोटं एकेक करून चोळत बसते. अधूनमधून ती विचारते, "कळतंय का गं काही?"

काकूंना काहीच कळत नाही. त्या डोळे मिटून म्हणतात, "हो गं, आता थोडं थोडं."