हसायच्या जागा

अमेरिकेत एके काळी एक विनोदी मालिका इतकी चालली, की म्हणे ती लागली की घरात शिरलेले चोरसुद्धा सोफ्यावर टेकायचे आणि भाग संपल्यावरच कामाला लागायचे. गोष्ट साधी. खडूस सासरा, त्याच्याच घरात राहणारा जावई, आणि दोघांची दिवसभर जुंपलेली. पुढे देशोदेशी तिच्या आवृत्त्या निघाल्या. तुर्कस्तानात सासऱ्याला मिशा फुटल्या. रशियात तो जावयापेक्षा जास्त रडायला लागला. ब्राझीलमध्ये तर नाचायला लागला, तो भाग संपला तरी थांबेना, शेवटी त्याला तसंच नाचत घरी पाठवावं लागलं. अशी फिरत फिरत ती मालिका मराठीत यायची म्हणून नाशकात अंबडच्या एका रिकाम्या शेडमध्ये येऊन पोचली, आणि तिथे तिचं हसू बंद पडलं.

ते सुरू करायचं काम वाल्मीकचं होतं. मराठी रूपांतर त्याचं. अमेरिकेहून आलेल्या संहितेत हसायच्या जागा पिवळ्या रंगवलेल्या होत्या, आणि अट अशी, की देश कुठलाही असो, पिवळं आलं की प्रेक्षक हसलाच पाहिजे. पहिल्या तालमीला आसपासची माणसं आणून बसवली. सासरा गरजला, "चल, चालता हो माझ्या घरातून!" पिवळं आलं. शेडमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मग मागच्या रांगेतून झुंबरबाई नावाची म्हातारी उठली.

"काय रे मेल्या, जावयाला असं बोलतात का? पोरगी दिली ना त्याला?"

टाळ्या पडल्या, पण त्या म्हातारीला.

कंपनीतर्फे मुंबईहून हर्षाली आलेली. तिने वाल्मीकला बाजूला घेतलं. "पुढच्या तालमीला हसले नाहीत तर मला दुसरा लेखक बघावा लागेल. राग मानू नकोस."

वाल्मीकला हे काम गमावून चालणार नव्हतं. कारण मालिकेतला जावई आणि तो एकाच नावेतले. तो मूळचा घोटीचा, पण लग्नापासून राहायला सासऱ्यांकडे, सिडकोत. बायको योगिनी एकुलती एक, ती नोकरीला जाणारी, हा घरी बसून लिहिणारा. सासरे लहानूतात्या देवळ्याकडचे. उभं आयुष्य कांद्याचे ट्रक घेऊन आग्रा रोडवर काढलेलं. आणि हे तात्या त्याच्यावर कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं, असं वाल्मीकला वाटायचं.

"जावईबापू, तुम्ही बसा. गॅसची टाकी मी उचलतो. तुमची बोटं लिहायची."

"अगं ए, मिक्सर बंद कर. जावईबापू विचार करून राहिले."

पाहुणे आले की, "आमचे जावई घरीच असतात. लय मोठं काम हे त्यांचं."

एकेक वाक्य वाल्मीकला सुईसारखं टोचायचं. "तुझे वडील मला साखरेत घोळून टोमणे मारतात," तो योगिनीला म्हणायचा. ती म्हणायची, "अरे, ते तसंच बोलतात." यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

त्या दिवशी शेडमधून घरी येता येता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याकडे जावयाचा अपमान शिव्यांनी होतच नाही, तो मानानेच होतो! त्याने अमेरिकन सासऱ्याची सगळी आरडाओरड काढून टाकली आणि तिथे तात्यांची वाक्यं बसवली. टाकी, मिक्सर, लय मोठं काम, सगळं. पुढच्या तालमीला सासरा झालेला नट बनियनवर टाकी खांद्यावर घेऊन आला आणि वाकून म्हणाला, "जावईबापू, तुम्ही बसा." आणि शेडचे पत्रे हलले म्हणे. झुंबरबाई इतकी हसली, की तिची कवळी पुढच्या माणसाच्या टोपीत पडली आणि तिथेही ती हसतच होती. हर्षालीने सगळ्यांसमोर वाल्मीकला मिठी मारली.

पहिल्या भागाच्या चित्रीकरणाला तात्या आले. इस्त्रीचा सदरा, कोरी टोपी, पहिली रांग. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "आमच्या जावईबापूंनी लिहिलंय."

वाल्मीक पडद्याच्या फटीतून बघत होता. इतकी वर्षं गिळलेलं आज परत करायचं होतं त्याला, खोटं कशाला बोला. टाकीचं वाक्य आलं. तात्यांनी ते ओळखलं. चेहरा असा फुलला, की जणू कुणी त्यांचा सत्कारच केला. मग शेड हसली. तात्यांनी मागे वळून बघितलं. कोणी पडलंबिडलं का, असं. मिक्सरचं वाक्य आलं, पुन्हा हसू, तात्या पुन्हा वळले. "लय मोठं काम" आलं तेव्हा मात्र ते वळले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवून बसले.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "जावईबापू, एक विचारू? लोक कशाला हसले?"

"तात्या, विनोदी मालिका आहे ती."

"ते समजलं. पण टाकी मी उचलतो, त्यात हसण्यासारखं काय हे?" टोपीची घडी करत ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही सासरा चांगला दाखवला."

वाल्मीकने त्या आवाजात टोमणा शोधला. कसून शोधला. सापडला नाही.

त्या दिवसापासून तात्यांनी बोलणंच सोडलं. टाकी आली की मुकाट उचलायचे. चहा त्याच्यापुढे ठेवून निघून जायचे. योगिनी एवढंच म्हणाली, "मी सांगत होते तुला." मालिका टीव्हीवर लागली, गाजली, आणि हर्षालीचा फोन आला, "अजून अशीच वाक्यं हवीत."

"मी ती वाक्यं काढून घेतो म्हटलं तर?" वाल्मीकने विचारलं. "अमेरिकेतलंच ओरडणं परत घाला."

ती हसली. "काढून? अरे, ती आता कंपनीची आहेत. तू नाही लिहिलंस तर दुसरा कोणी लिहील. सासऱ्याचा सूर सापडलाय आपल्याला."

वाल्मीकने मालिका सोडली. सासरा पडद्यावर टाक्या उचलतच राहिला.

तेवढ्यात अधिक महिना आला, धोंड्याचा. या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, जावयाला वाण द्यायचं. आता जावई घरातलाच, बोलवायचा कुठून? म्हणून सासूबाईंनी तोड काढली होती, की दोघांनी फाटकाबाहेर जाऊन उभं राहायचं आणि तात्यांनी जावयाचे पाय धुऊन आत घ्यायचं. यंदा तात्या येतील की नाही, कुणालाच खात्री नव्हती. आले. तांब्या घेऊन, टोपी घालून.

गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली होती. वाल्मीक हळूच म्हणाला, "तात्या, चुकलो मी. काहीतरी बोला ना."

"काय बोलू? माझं बोलणं तुम्हीच लिहिता आता."

पण मग त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. घसा साफ केला, कंबर वाकवली, आणि पूर्वीच्याच मोकळ्या आवाजात म्हणाले, "या, जावईबापू."

अख्खी गल्ली खदाखदा हसली.

"वा तात्या! सेम टु सेम!" समोरच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडलं. "आता टाकी उचला!"

"गप्प बसा!" वाल्मीक किंचाळला. ते तर आणखीच हसले. जावई चिडला की हसायचं, हेही त्यांना मालिकेनेच शिकवलेलं.

तात्या तसेच वाकलेले. त्यांनी दोन्ही पायांवर पाणी घातलं, पंच्याने बोटांमधलं पाणीसुद्धा टिपलं, आणि उठताना गुडघ्यावर हात टेकून, गल्लीत कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "चल, जेवून घे."

योगिनी चमकली. तात्यांनी त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. ती माया होती की मान काढून घेतला होता, हे वाल्मीकला विचारायचं होतं. पण गल्ली अजून कान लावून उभी होती. तो खाली मान घालून आत गेला आणि पानावर बसला.